सविस्तर चर्चेअंती

पिंपळदरा नगरपरिषदेच्या सभागृहात 'नामंजूर' हा शब्द कोणी उच्चारल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. नको असलेला विषय तिथे कधी फेटाळला जात नसे. तो 'पुढच्या सभेत घेऊ' म्हणून बाजूला सारला जाई आणि पुढच्या सभेला त्याची आठवणही राहत नसे. बाकी सगळं मंजूर. पाण्याची टाकी मंजूर, स्मशानाचा पत्रा मंजूर, कोणाच्या तरी सासऱ्याचं नाव चौकाला द्यायचं तेही मंजूर. नगराध्यक्षांनी 'मंजूर' म्हणायचं, सदस्यांनी बाकं वाजवत 'मंजूर, मंजूर' करायचं, मग राष्ट्रगीत आणि चहा. मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक एकटाच बसून ठराव करायचा, तेव्हा बाकं वाजवायलाही कोणी नव्हतं. यंदा निवडणूक झाली, नवी मंडळी निवडून आली आणि सभागृहाच्या कामकाजातली हीच एक गोष्ट त्यांनी आल्या आल्या पाठ केली.

उज्वला त्या नव्या मंडळींतलीच. सिद्धार्थनगरात बालवाडी चालवायची, पोरांना नाक पुसायला शिकवायची. आरक्षण पडलं, वस्तीनं आग्रह केला आणि ती नगरसेविका झाली. निवडून आल्यावर पहिला हार तिला घातला कुसाबाईंनी. कुसाबाई पालिकेच्या सफाई कामगार. वस्तीला लागूनच पालिकेची चाळ होती, तिथल्या शेवटच्या खोलीत त्या राहायच्या. बाजारगल्ली झाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. मुलगा रोहित कावीळ होऊन गेला. तोही गटारीच्याच कामावर होता, पण ठेकेदाराकडे, त्यामुळे मागे काही मिळालं नाही. घरात उरल्या सून संजना आणि शाळेत जाणारी नात आरोही. सासू निवृत्त झाली की तिच्या जागी वारस म्हणून सून लागणार, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता आणि कुसाबाईंच्या घराची सगळी भिस्त त्यावरच होती. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती, कारण खोली नोकरीची होती.

अशात सरकारनं एका नव्या कायद्याचा मसुदा सगळ्या पालिकांकडे अभिप्रायासाठी पाठवला. नाव मोठं गोंडस होतं, नागरी स्वच्छता सेवा सुधारणा विधेयक. पोटात एवढंच होतं की सफाई कामगार निवृत्त झाला की त्याची जागा रद्द, काम ठेकेदाराला आणि वारसाला लावून घेण्याची पद्धत बंद. कायदा होईपर्यंत वारसांची नवी प्रकरणं थांबवा, असंही सोबतच्या पत्रात होतं.

असली पत्रं पालिकांकडे येतच असतात. बहुतेक ठिकाणी ती टेबलाच्या खणात जातात आणि तिथेच म्हातारी होतात. पिंपळदऱ्यातही तेच झालं असतं. पण ते उज्वलाच्या कानावर आलं आणि तिनं नगराध्यक्षांचा पिच्छा पुरवला. आपल्या गावानं यावर बोललं पाहिजे, ठराव करून सरकारला कळवलं पाहिजे. नगराध्यक्ष कोंडाजीआप्पा म्हणजे कांद्याचे व्यापारी, प्रशासकाच्या आधीही वर्षानुवर्षं सभागृहात बसलेले, माणूस मऊ. बाईमाणूस रोज दारात येतंय म्हटल्यावर त्यांनी विषय घ्यायला सांगितला. कार्यालयानं वरून आलेला नमुना तसाच उतरवला. विषयपत्रिकेवर आलं, 'सदर विधेयकास सहमती देणेबाबत.' उज्वलानं ते वाचलं. सहमती हा शब्द तिला खटकला नाही असं नाही, पण तिला वाटलं, विषय काही का लिहिलेला असेना, आपण उभं राहून विरोधच करणार आहोत. सभागृह बोलेल तोच ठराव होईल, असं त्या बिचारीला वाटलं.

सभेच्या दिवशी कुसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसल्या, शेजारी संजना. आत आल्यापासून कुसाबाई पदरानं बाकाची कड पुसत होत्या. सवयच ती.

सभा काय रंगली म्हणता! मागच्या बाकावरचे चिमाजी उठले आणि म्हणाले, "माझ्या रक्ताचा शेवटचा थेंब असेपर्यंत या गावात हा कायदा येऊ देणार नाही." त्यांचा पुतण्या समोर उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता, त्यामुळे शेवटचा थेंब त्यांनी दोनदा सांगितला. सत्ताधारी बोलले, विरोधक बोलले. सगळे एका सुरात बोलत होते, ही त्या सभागृहातली अपूर्वाई. मग उज्वला उठली. हातातला कागद तिनं बाकावर ठेवला.

"कोरोनात आपण सगळे कड्या लावून घरात बसलो होतो," ती म्हणाली. "कुसामावशी रस्त्यावर होत्या. आपण गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांनी मागितल्या नव्हत्या. त्यांना एकच गोष्ट पाहिजे, आपल्यामागं सुनेला हजेरीवर नाव. तेवढं तरी आपण काढून घ्यायचं नाही."

कोंडाजीआप्पांनी टोपी काढून डोळे टिपले. खरोखरच टिपले, त्यात नाटक नव्हतं. मग टोपी डोक्यावर ठेवत, भरल्या गळ्यानं आणि जन्माच्या सवयीनं ते म्हणाले, "सभागृहाच्या भावना ध्यानात घेता, विषय मंजूर!"

बाकं दणाणली. "मंजूर! मंजूर!" उज्वलाला हुंदका आवरेना. पहिलं भाषण आणि अख्खं सभागृह आपल्या मागे! तिनं दोन्ही हातांनी बाक बडवलं आणि सगळ्यांच्या वर आवाज चढवून ती ओरडली, "मंजूर!" तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे ताठ उभे राहिले. त्या संध्याकाळी कुसाबाईंनी चाळीत घरोघर साखर वाटली.

आठवडाही झाला नसेल. उज्वला बालवाडीतल्या पोरांना खिचडी वाढत होती, तेव्हा संजना दारात आली. संजना अबोल पोरगी. नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलेजात बी. ए. झालेली. तिनं मोबाईल पुढे केला. आमदारांचा हसरा फोटो, खाली हार आणि त्याखाली मजकूर. 'ऐतिहासिक स्वच्छता विधेयकाला एकमताने पाठिंबा देणाऱ्या पिंपळदरा नगरपरिषदेचे हार्दिक अभिनंदन!'

"खोटं असेल," उज्वला म्हणाली.

"खाली ठरावाची प्रत लावलीये, ताई."

उज्वलाच्या हातातला डाव खिचडीच्या पातेल्यात पडला. ती तशीच, पदर खोचलेला, पालिकेत गेली.

सभांचं काम पाहणारे खंडेराव तिथले जुने कर्मचारी. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, विषय होता सहमती देण्याचा. अध्यक्ष म्हणाले मंजूर. तुम्ही सगळे म्हणालात मंजूर. मी दुसरं काय लिहू?"

"आणि ती भाषणं? सगळे विरोधात बोलले की हो! तुम्ही तिथंच बसला होता ना!"

"भाषणं कधीच लिहीत नाहीत, मॅडम. 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' एवढंच जातं. आजपर्यंत सगळे ठराव तसेच गेले." मग जरा घुटमळून म्हणाले, "मलाही त्या वेळी चमकल्यासारखं झालं होतं. पण राष्ट्रगीत चालू झालं. राष्ट्रगीतात कसं बोलणार?"

त्यांनी सभेचं रेकॉर्डिंग लावलं. बाकांचा गडगडाट, पुरुषांचे घोगरे आवाज आणि त्या सगळ्यांच्या वर एका बाईचा चिरका, आनंदानं फुटलेला आवाज. मंजूर! उज्वलानं दोन्ही कान झाकून घेतले. आपल्या आवाजाची इतकी किळस तिला उभ्या जन्मात आली नव्हती.

"उपाय काय?" तिनं विचारलं.

"पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. तेव्हा उभ्या राहा, हरकत घ्या. 'आम्ही विरोध केला होता, नोंद चुकीची आहे' म्हणा. हरकत आली की ती मला लिहावीच लागते आणि वर कळवावीही लागते. एकदा इतिवृत्त कायम झालं की मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलणार नाही."

पुढची सभा लांब होती. तोवर हातावर हात धरून बसणं उज्वलाला जमेना. ती कोंडाजीआप्पांच्या चाळीवर गेली, कांद्याच्या. आप्पा कांदे निवडणाऱ्या बायांवर देखरेख करत बसले होते. तिला पाहताच ओशाळले.

"तोंडातून निघून गेलं, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं तेच म्हणत आलो. नामंजूर म्हणायचं माझ्या ध्यानातच नाय आलं."

"मग आता सुधारा ना आप्पा. तातडीची सभा बोलवा."

आप्पांनी एक सडका कांदा उचलून बाजूला टाकला. "आमदारांचा फोन आला व्हता. लय खूश हायेत. बाजाराच्या रस्त्याचं काम देतो म्हन्ले. आता त्यांना काय सांगू, का आमी काय मंजूर केलं ते आमालाच कळलं नाय? सगळा जिल्हा हसंल गावाला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुसाबाई मला बहिणीसारखी हाय. माझ्या आईच्या मयताला पहाटं येऊन अंगण झाडलं तिनं. मला कळत नाय का? पन माझं घोडं अडलंय."

उज्वलाला त्यांचा राग धड येईना. राग यायला माणूस थोडा तरी दुष्ट लागतो.

चिमाजींचा मात्र आला. ते म्हणाले, "ताई, मी भाषण केलं का नाही? सगळ्यांनी पाहिलं का नाही?" आणि मोबाईल काढून आपल्याच रक्ताचा शेवटचा थेंब तिला दाखवायला लागले. नोंद चुकीची आहे अशा पत्रकावर सही करायची म्हटल्यावर त्यांना अचानक देवळ्याला लग्नाला जायचं आठवलं. बाकीच्यांचंही तेच. पक्षाला विचारतो, घरी विचारतो, आप्पा करतील तसं करू. भाषणं सगळ्यांनी केली होती, सही एकानंही केली नाही.

शेवटी संजनाला घेऊन ती नाशिकला, जिल्ह्याच्या कार्यालयात गेली. खेटे घातले, दुपारभर बाकावर बसल्या, मग एका साहेबांनी आत बोलावलं. साहेब सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा अर्ज घेतो. पण हे वैयक्तिक निवेदन झालं, त्याची फाईल वेगळी. सभागृहाचं मत म्हणजे ठराव आणि ठराव तर पाठिंब्याचा आहे. खरं सांगू का, बाकीच्या पालिकांनी काही कळवलंच नाही. न कळवणं म्हणजे हरकत नसणं, असं आम्ही धरतो. चर्चा करून लेखी पाठिंबा देणारी आमच्याकडे आलेली एकमेव पालिका तुमची. वर त्याचंच उदाहरण देताहेत."

बाहेर येऊन दोघी रसवंतीच्या दुकानापाशी उभ्या राहिल्या. उज्वलानं पेल्याला तोंडही लावलं नाही. गप्प बसलो असतो तर निदान उदाहरण तरी झालो नसतो, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. पत्र खणातून बाहेर काढलं कोणी? आपणच. विषय घ्यायला लावला कोणी? आपणच. आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडलं कोण?

"ताई," संजना म्हणाली, "मला काही झाडू मारायची हौस नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा आई म्हणायच्या, तू तरी हा खराटा धरू नको. मग हे गेले. आता मला हजेरीवर नाव पाहिजे, खोली पाहिजे, आरोहीची शाळा बदलायला नको. बस." तिनं रिकामा पेला दुकानाच्या फळीवर ठेवला. "पुढच्या सभेत तुम्ही हरकत घ्या. होवो न होवो. निदान आपल्या गावानं आपल्याला लोटलं नाही एवढं तरी कागदावर राहू दे."

"घेते. शपथ."

"आणि आईंना एवढ्यात नको सांगायला. सगळ्या बाजारगल्लीला सांगत फिरतात त्या, आमच्या पालिकेनं आमच्यासाठी सरकारशी भांडण केलं म्हणून."

उज्वलानं मान हलवली. सांगायची छाती तिला होतीच कुठे? आधी निस्तरू, मग सांगू, असं ती मनाला बजावत राहिली. रोज सकाळी कुसाबाई खराटा घेऊन बालवाडीवरून जायच्या आणि दारातून हाक मारायच्या, "ए पुढारीन, च्या पिलीस का?" आणि रोज उज्वला हसून हो म्हणायची.

सभेचा दिवस उजाडला. योगायोग म्हणा नाहीतर नशीब म्हणा, त्याच महिन्यात कुसाबाई निवृत्त होत होत्या. निवृत्त होणाऱ्या कामगाराचा सत्कार सभागृहात करायचा, ही पिंपळदऱ्याची जुनी आणि चांगली पद्धत. तेव्हा कुसाबाई पुन्हा ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. संजना मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर उज्वलावर होती.

"विषय पहिला," खंडेरावांनी वाचलं. "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे."

"अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे." उज्वला ताडकन उठली. आवाज स्पष्ट निघाला याचं तिचं तिलाच बरं वाटलं. खंडेरावांनी पेन उचललं. चिमाजी खिडकीबाहेर पाहायला लागले.

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि समोर बसलेल्या कुसाबाईंवर त्यांची नजर थांबली. "ऐकतो की तुमचं, बाई. सगळं ऐकतो. पन आधी सत्कार उरकून घेऊ. म्हातारं मानूस कवाचं बसलंय." त्यात डाव होता की खरंच माया होती, ते आप्पांनाही सांगता आलं नसतं.

कुसाबाईंना वर बोलावलं. आप्पांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. फोटो निघाले. कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला मावशी. कुसाबाई नको नको म्हणाल्या, मग माईकपासून हातभर लांब उभ्या राहून बोलायला लागल्या.

"मी काय बोलनार? माझी जिंदगी तुमच्या दाराम्होरं गेली, पन या खोलीत मी फकस्त फरशी पुसायला आले. खुर्चीवर कवा बसले नाय." त्या हसल्या. "मागच्या टायमाला मी तिथं बसून समदं पायलं. ही उज्वला बोलली. चिमाजीभाऊ बोलले. आमचे आप्पा रडले. समद्यांनी बाकं वाजवून आमच्यासाठी सरकारला नाय म्हन्लं. मला वाटायचं, झाडूवालीला कोन इचारतंय? तर आख्खं गाव इचारतंय. आता मी सुखानं घरी बसंन. माझी सून तुमच्या वटीत घातली. तिला संभाळा." आणि शालीसकट त्यांनी सगळ्या सभागृहाला हात जोडले.

आप्पा टेबलावरच्या फुलांकडे पाहत होते. खंडेरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग चिमाजींना ती शांतता सोसवेना. त्यांनी बाक वाजवलं. त्यामागून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, सगळ्यांनी. कुसाबाई लाजून पदरात तोंड लपवून हसत होत्या.

"हं," आप्पा म्हणाले. "उज्वलाताई. तुमची हरकत बोला."

उज्वला उठली. माईक चालू होता, खंडेरावांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. वाक्य तिनं किती रात्री घोकलेलं, ओठांवर होतं. नोंद चुकीची आहे. आम्ही विरोध केला असताना ठराव पाठिंब्याचा झाला. तेवढंच म्हणायचं होतं. कुसाबाई अजून वरच, आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या तिथे बसल्या होत्या, नारळ मांडीवर धरून, आणि उज्वलाकडे अशा कौतुकानं पाहत होत्या की आता ही पुन्हा काहीतरी चांगलं बोलणार.

मागे भिंतीपाशी संजना होती. उज्वलानं तिकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमतच झाली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "हरकत नाही."

"इतिवृत्त कायम. मंजूर."

"मंजूर, मंजूर." बाकं वाजली. या वेळी उज्वलाचे हात मांडीवरच राहिले. त्यानं काय फरक पडणार होता? खंडेरावांनी पेनाला टोपण लावलं.

सभा संपल्यावर व्हरांड्यात कुसाबाईंनी तिला गाठलं आणि नारळ तिच्या हातात कोंबला. "हा तुझा. मला नको. माझ्या पोरीवानी भांडलीस तू." उज्वलानं नारळ घेतला. नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं. संजना जवळ येऊन उभी राहिली. सासूच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिनं काढली, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"सोमवारी हिला घिऊन येते," कुसाबाई म्हणाल्या. "वारसाचे कागद कुठं द्यायचे ते तू दाव. तू संग असली का मला काळजी नाय."

"या मावशी," उज्वला म्हणाली. "मी आहे."

त्या दोघी पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर कोणीतरी चहाचा कागदी कप टाकला होता. निवृत्त झालेल्या कुसाबाई तो उचलायला वाकल्या, पण त्यांच्या आधी संजनानं तो उचलला.